कडकपणाचा पुरावा कुठे आहे?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकलेला प्रशिक्षक कोण, असं विचारलं तर तिथलाही सामान्य प्रेक्षक अलाबामा, पेन स्टेट अशा बड्या विद्यापीठांतलं एखादं नाव घेईल. खरं उत्तर आहे जॉन गलार्डी. मिनेसोटा राज्यात सेंट क्लाउड शहराजवळ कॉलेजव्हिल नावाचं छोटंसं ठिकाण आहे. तिथे बेनेडिक्टाइन पंथाचा मठ आहे, त्याला लागून सेंट जॉन्स विद्यापीठ, आणि भोवती तळी नि पाइनची झाडं. या लहानशा कॅथलिक कॉलेजात गलार्डी 1953 ते 2012 अशी साठ वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. त्याआधी चार वर्षं माँटाना राज्यातल्या कॅरल कॉलेजात. एकूण 64 हंगाम, 489 विजय, 138 पराभव आणि 11 सामने बरोबरीत. चार राष्ट्रीय विजेतेपदं: 1963, 1965, 1976 आणि 2003.

हे आकडे सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते आकड्यांशिवाय कुणी ऐकून घेत नाही. गलार्डींच्या सरावात खेळाडू एकमेकांना टॅकल करत नसत. प्रशिक्षकांच्या गळ्यात शिट्टी नसे. सराव दीड तासाच्या वर जात नसे. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या नाहीत, जोर-बैठका नाहीत, वजनं उचलण्याची सक्ती नाही. पाणी हवं तेव्हा प्यायचं. फार थंडी असेल, पाऊस असेल किंवा मिनेसोटाचे कुप्रसिद्ध डास मैदानावर उतरले असतील, तर सराव आत हलवायचा. खेळाडूंनी त्यांना ‘कोच’ म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. आणि संघात येऊ इच्छिणाऱ्या कुणालाही नाव कापून घरी पाठवायचं नाही.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हा पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. शंभर-सव्वाशे किलोची माणसं हेल्मेट नि खांद्यावर चिलखत चढवून एकमेकांवर धडकतात आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर आडवं करतात. ते आडवं करणं म्हणजे टॅकल. या खेळाच्या संघाने आठवडाभर सरावात टॅकलच करायचं नाही, हे आपल्याकडच्या कबड्डी संघाला पकड न करता सराव करायला सांगण्यासारखं आहे. म्हणून गलार्डींना त्यांच्या देशात एक गोड, विक्षिप्त म्हातारा ठरवून टाकलं गेलं. वर्तमानपत्रं त्यांच्यावर कौतुकाने लिहीत. सराव सुरू होताना खेळाडू पाठीवर आडवे पडून आभाळाकडे बघत आणि शेजारच्याला म्हणत, ‘छान दिवस आहे, नाही का?’ हा ‘व्यायाम’ तर वार्ताहरांचा लाडका होता. सगळे हसत, लेख छापून येई, आणि दुसऱ्या दिवशी देशभरातले इतर प्रशिक्षक पुन्हा शिट्टी फुंकून पोरांना रगडायला लागत.

मला अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. पुरावा साठ वर्षं धावफलकावर लिहिलेला होता, तरी तो कुणी वाचला नाही.

गलार्डींना ही रीत सुचली कशी, हे पाहण्यासारखं आहे. त्यांचा जन्म 1926चा, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या कोळशाच्या खाणींच्या गावात, इटलीहून आलेल्या कुटुंबात. 1943 साली ते शाळेच्या संघाचे कप्तान होते. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि त्यांच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणं आलं. शाळा खेळच बंद करायच्या विचारात होती. सोळा वर्षांचा जॉन पुढे झाला आणि म्हणाला की संघ मी सांभाळतो. सांभाळायला घेतल्यावर त्याने काय केलं? खेळाडू म्हणून त्याला स्वतःला जे जे नकोसं वाटायचं ते सगळं काढून टाकलं. बदकासारखं उकिडवं चालणं, तासन्‌तास अंगावर धडका घेणं, आणि पाणी न देणं. सरावात पाणी प्यायलं तर पोरगा नरम पडतो, पोटात गोळा येतो, अशी तेव्हा पक्की समजूत होती आणि ती शास्त्र म्हणून सांगितली जायची. सोळा वर्षांच्या मुलाला त्या शास्त्राबद्दल आदर नव्हता. त्याला आणि त्याच्या मित्रांना तहान लागत होती, इतकंच. संघ जिंकू लागला.

प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची एवढी पुस्तकं, शिबिरं, पदविका आहेत, पण मला वाटतं गलार्डींचा खरा फायदा हा होता की ते खेळाडूच्या जागेवरून थेट प्रशिक्षकाच्या जागेवर आले. मधली वीस वर्षं, ज्यात माणूस आपल्यावर झालेला त्रास विसरतो आणि मग त्यालाच संस्कार म्हणू लागतो, ती वर्षं त्यांच्या वाट्याला आलीच नाहीत.

मग त्या दीड तासात चालायचं काय? इथे ‘मवाळ’ हा शब्द अगदी चुकीचा ठरतो. एकेक डाव पुन्हा पुन्हा घोटला जाई. कोण कुठे उभा, प्रतिस्पर्धी अमुक रचनेत उभा राहिला तर आपल्यातला कोण कुणाला अडवणार, चेंडू हातात येताना नजर कुठे हवी. कुणाचं पाऊल चुकलं की डाव थांबवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. जाडजूड डावांची वही खेळाडूंच्या हाती दिली जात नसे. जे शिकायचं ते मैदानावरच. बरेचसे डाव क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, समोरची मांडणी बघून ऐनवेळी स्वतः ठरवत असे. मोठ्या विद्यापीठांत हा निर्णय कानात यंत्र लावलेली पाच-सहा मोठी माणसं मैदानाबाहेरून घेतात. गलार्डींनी तो एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर सोपवला. थकलेल्या, धडका खाऊन सुन्न झालेल्या मुलाकडून ही तरतरी मिळत नाही. 1993च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी 61.5 गुण केले. ज्यांना हा खेळ ठाऊक आहे ते या आकड्यावर थबकतील. एरवी तीस गुण म्हणजे चांगली कामगिरी मानतात.

आता दुसऱ्या टोकाकडे बघू. 1954च्या सप्टेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे नवे प्रशिक्षक पॉल ब्रायंट आपल्या संघाला जंक्शन नावाच्या रखरखीत गावी घेऊन गेले. दुष्काळाचं वर्ष, अंगाची लाही करणारं ऊन, सरावात पाणी नाही. बहुसंख्य मुलं शिबिर सोडून निघून गेली. एक मुलगा उष्माघाताने मरता मरता वाचला. त्या हंगामात संघाने दहापैकी एक सामना जिंकला. तरीही अमेरिकेत जंक्शनची गोष्ट वीरकथा म्हणून सांगितली जाते, कारण दोन वर्षांनी, 1956 साली, तो संघ अपराजित राहिला. हा तर्क कसा चालतो ते नीट पाहा. जिंकले की श्रेय कडकपणाला, हरले की दोष पोरांच्या लेचेपेचेपणाला. आणि आठवणी सांगायला कोण उरतात? जे टिकले ते. जे रात्री बसमध्ये बसून घरी गेले, ज्यांनी पुन्हा खेळाचं नाव काढलं नाही, त्यांना कुठल्या सत्कार समारंभाला कुणी बोलावत नाही. आपल्याकडेही ‘सरांनी मारलं म्हणून मी घडलो’ असं सांगणारा माणूस नेहमी व्यासपीठावर असतो. ज्याचं त्या मारामुळे मैदान सुटलं, तो श्रोत्यांतही नसतो.

अमेरिकेत विचार बदलला तो गलार्डींच्या विजयांमुळे नव्हे. तो शवविच्छेदनं आणि न्यायालयांमुळे बदलला. 2001च्या ऑगस्टमध्ये, त्याच मिनेसोटा राज्यात, व्यावसायिक संघ मिनेसोटा व्हायकिंग्जचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघाताने गेला. पुढच्या वर्षी डॉ. बेनेट ओमालू यांना माइक वेबस्टर या दिवंगत खेळाडूच्या मेंदूत वारंवारच्या धडकांनी होणारा आजार सापडला. शेकडो, मग हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. 2011 साली व्यावसायिक लीगने खेळाडू संघटनेबरोबरच्या करारात नियमित हंगामातले चिलखत घालून करायचे सराव चौदावर आणले. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 पासून सरावातलं टॅकल बंद केलं आणि त्यासाठी तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी धावणारा यांत्रिक पुतळा बनवला. त्या संघाने नंतर 2015, 2019 आणि 2021 मध्ये आयव्ही लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद घेतलं. 2016 मध्ये आयव्ही लीगच्या सगळ्याच प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावातून टॅकल काढायचं ठरवलं. 2021 साली मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोक्याला बसलेल्या, मेंदू हादरवणाऱ्या दुखापतींपैकी 72 टक्के सरावात झालेल्या आढळल्या. सामन्यात नव्हे, सरावात. म्हणजे दर चारातल्या जवळपास तीन इजा अशा ठिकाणी होत होत्या, जिथे प्रेक्षक नाहीत, गुण नाहीत, आणि जिथे काय करायचं हे पूर्णपणे प्रशिक्षकाच्या हातात आहे.

मिनेसोटातला हा माणूस हेच पन्नास वर्षं आधीपासून करून दाखवत होता. बुधवारी जायबंदी झालेला खेळाडू शनिवारी उपयोगाचा नाही, इतका साधा त्याचा हिशेब होता.

मग तो हिशेब इतरांना पटला का नाही? माझं मत असं आहे की सरावातला कडकपणा जिंकण्यासाठी असतो, हे आपण उगाच धरून चालतो. तो जिंकण्यासाठी असता तर जिंकण्याचा अधिक सोपा मार्ग दिसताच प्रशिक्षकांनी तो उचलला असता. स्पर्धेच्या जगात चालणारी युक्ती दुसऱ्याच हंगामात सगळीकडे पसरते. कडकपणा पसरला आणि टिकला, कारण तो मोठ्या माणसांची एक गरज भागवतो. आपल्या एका शिट्टीवर शंभर तरणीताठी मुलं धावतात, हा अनुभव फार नशा आणणारा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. त्याच्याकडे बोट दाखवून कोण विचारणार, की बाबा रे, हे पोरांना लोळवणं कशासाठी? गलार्डींनी शिट्टी आणि ‘कोच’ ही उपाधी सोडली, तेव्हा त्यांनी ती नशाही सोडली. ती सोडायला फार थोडे तयार होतात.

आक्षेप येतील आणि ते यावेत. पहिला असा, की सेंट जॉन्स तिसऱ्या श्रेणीतलं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, दूरदर्शनचे करोडो डॉलर नाहीत, हरल्याने कुणाची नोकरी जात नाही. तिथे असले लाड परवडतात. पण त्यांचे प्रतिस्पर्धीही त्याच श्रेणीतले होते, त्यांनाही तीच बंधनं होती, आणि त्यातले बहुतेक नेहमीच्या पद्धतीने राबत होते. त्यांच्याविरुद्ध साठ वर्षं चारातले तीन सामने जिंकणं म्हणजे लाड नव्हेत. 2003 साली गलार्डींनी एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मोडला. तेही लहान कॉलेजवालेच. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात त्यांनी वर्णभेदाच्या काळापासून पाच दशकांहून अधिक शिकवलं, आणि त्यांच्यावर स्वतंत्र लिहिण्याजोगं खूप आहे. त्याच 2003च्या डिसेंबरात सेंट जॉन्सने अंतिम सामन्यात माउंट युनियनला 24-6 असं हरवलं. माउंट युनियन तोवर सलग 55 सामने जिंकत आलं होतं.

माउंट युनियनचं नाव आलंच आहे, तर हेही सांगायला हवं की त्यांचे प्रशिक्षक लॅरी केहरेस यांची विजयाची टक्केवारी गलार्डींपेक्षा बरीच वरची आहे: 332 विजय, 24 पराभव, 11 राष्ट्रीय विजेतेपदं. म्हणून गलार्डींची रीत हीच एकमेव किंवा सर्वोत्तम, असं मी म्हणत नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. जिंकण्यासाठी छळ आवश्यक आहे, असं जो म्हणतो त्याच्यावर आता पुराव्याची जबाबदारी आहे. इतकी वर्षं ती मवाळ माणसावर टाकली गेली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. खेळ फक्त जिंकण्यासाठी नसतो, तो माणूस घडवतो; कष्ट, अपमान, थकवा सोसल्याशिवाय कणा तयार होत नाही. यावर मराठी वाचक लगेच रमाकांत आचरेकर सरांचं नाव काढील. दादरच्या शिवाजी पार्कवरचे आचरेकर सर कडक होतेच. सामना सोडून मोठ्या मुलांचा खेळ बघायला गेलो म्हणून सरांनी थोबाडीत मारली, ही आठवण सचिन तेंडुलकरने स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. पण त्याच तेंडुलकरने सांगितलेल्या बाकीच्या आठवणी आपण कमी वेळा का सांगतो? सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात जास्तीत जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून. संध्याकाळी स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, नाही तर सचिनचं. त्या नाण्यांतच मला आचरेकर सरांची शिकवण दिसते: दमलेल्या मुलाची एकाग्रता शेवटच्या अर्ध्या तासात कशी टिकवायची, हे त्यांनी शोधलं होतं. थप्पड कुणालाही मारता येते. आपल्याकडच्या कितीतरी मैदानांवर आचरेकरांची थप्पड तेवढी उचलली गेली, स्कूटर आणि नाणं तिथेच राहिलं. गलार्डी 7 ऑक्टोबर 2018 रोजी 91व्या वर्षी गेले आणि आचरेकर सर त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 2 जानेवारी 2019 रोजी. दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतील. पण मुलाला खेळायला जास्तीत जास्त संधी द्यायची, हे दोघांनी सारख्याच हट्टाने केलं.

सोसण्याचा मुद्दा आपल्यासाठी पुस्तकी नाही. 2014च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत भर उकाड्यात काही तरुण कोसळले आणि दगावले. त्यांची तयारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर झाली असणार, आणि पाणी मागणं म्हणजे कमीपणा, हेही ते कुठेतरी शिकले असणार. एनसीसीत, भरतीच्या अकादम्यांत, शाळेच्या कबड्डी-खोखोच्या शिबिरांत ‘रगडा’ हा शब्द आजही अभिमानाने उच्चारला जातो. पायात गोळे आलेल्या मुलाला ‘नाटकं करू नको’ म्हणणारे सर वाईट मनाचे असतात असं नाही. त्यांना त्यांच्या सरांनी तसंच म्हटलेलं असतं.

गलार्डींच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट विजयांच्या यादीत येतच नाही. ते कुणाचं नाव कापत नसत. त्यामुळे संघात कधी कधी दीडशेहून अधिक मुलं असत. मैदानात एका वेळी अकराच उतरतात. म्हणजे बहुतेकांना फारसं खेळायला मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत. शिष्यवृत्ती नाही, गुणांची सवलत नाही, नोकरीचं आमिष नाही. तरी ती मुलं चार-चार वर्षं येत राहिली. यातही एक अन्याय आहे हे मान्य करायला हवं. बाकावर बसून चार वर्षं काढणाऱ्या मुलाला खेळाचा आनंद कितपत मिळाला, हे त्यालाच विचारायला हवं. तरीही दार बंद करण्यापेक्षा ते उघडं ठेवणं मला जास्त न्याय्य वाटतं, आणि जिथे सराव अपमानाचा नसतो तिथेच माणूस बाकावर बसायला तयार होतो. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सोयी हव्यातच. गरीब घरच्या मुलाला त्यांनी खरा आधार दिला आहे. पण त्यामुळे जिल्हा, राज्य अशी प्रमाणपत्रं मिळवणाऱ्या बारा-पंधरा मुलांपलीकडे शाळेला मैदान दिसेनासं झालं. निवड चाचणीच्या दिवशी ज्यांची नावं यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी मैदानावर काय असतं? बहुतेक शाळांत काहीच नसतं. तेराव्या वर्षी त्यांचा खेळ संपतो.

शेवटच्या वर्षांत गलार्डींचा संघ पूर्वीसारखा राहिला नव्हता. 2012चा अखेरचा हंगाम त्यांनी पाच विजय आणि पाच पराभवांवर संपवला. वय 86 होतं. थोडं आधी थांबायला हवं होतं, असं म्हणणारे होते, आणि कदाचित त्यांचं बरोबर असेल. पण त्या हंगामातही त्यांनी हातात शिट्टी घेतली नाही, सराव वाढवला नाही, हरलो म्हणून पोरांना फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. जिंकताना सौम्य राहणं त्या मानाने सोपं असतं. आपल्या शाळा-कॉलेजांच्या क्रीडा समित्यांनी प्रशिक्षक नेमताना पदकांची यादी जरूर मागावी. तिच्याबरोबर आणखी दोन कागद मागावेत: मागच्या तीन वर्षांत सरावात किती मुलं जायबंदी झाली, आणि किती मुलं मधेच खेळ सोडून गेली.